आमची वाटचाल: पितळी चकती आणि सागवानी पॅटर्न

आमच्या शेडवरच्या पाटीवर 'ब्लोअर दुरुस्ती' मोठ्या अक्षरात आहे आणि 'उत्पादक' खाली बारीक. (ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागं लावायचं, पंख्याच्या वाऱ्यानं बागेत औषध फवारणारं मशीन.) नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, उलटं का? तर २०१० साली दुरुस्तीनंच आमची चूल पेटती ठेवली होती. ज्यानं वाचवलं त्याचं नाव वर.

सातपूरला आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड केला, तिथल्याच एका कारखान्यात सात वर्षं लेथवर उभा राहिलो आणि २००३ साली पिंपळगाव बसवंतला, हायवेपासून आत, भाड्याची पत्र्याची शेड घेतली. भागीदार माझा मामेभाऊ. त्याच्याकडं जीभ होती, माझ्याकडं हात. सुरुवातीला एचटीपी, म्हणजे फवारणीच्या जास्त दाबाच्या पंपांचे सील, पिस्टन, गन अशी किरकोळ कामं केली. पुढं द्राक्षबागेत ट्रॅक्टरमागचे ब्लोअर यायला लागले आणि मला वाटलं, हे तर आपणही बनवू.

ब्लोअरचा जीव पंख्यात असतो, आणि पंख्याचा जीव मधल्या बॉसमध्ये, म्हणजे पाती जिथं बसतात त्या ओतीव तुंब्यात. त्याचा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा करतात तो लाकडी नमुना, मी जुन्या दाराच्या सागवानी फळीतून केला. ॲल्युमिनियम थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न शेकडा सव्वाच्या आसपास मोठा धरावा लागतो. हे पुस्तकात वाचलं होतं, तरी पहिले दोन बॉस भंगारात गेले. तिसऱ्या वेळी पाती बसली. मग बॅलन्सिंग. दोन पट्ट्या लेव्हलमध्ये लावायच्या, त्यावर शाफ्टसकट पंखा ठेवायचा आणि सोडून द्यायचा. जड पातं आपोआप खाली येतं. त्याला कानस मारायची, परत ठेवायचा, परत मारायची. पंखा कुठल्याही कोनात ठेवला तरी जागचा हलला नाही की झालं. पहिल्या पंख्याला मला चार दिवस लागले. मामेभाऊ म्हणायचा, "गिऱ्हाईक पंखा बघत नाही, रंग बघतं." दुर्दैवानं त्याचं बरोबरच होतं.

मशीन चाललं. निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या बागांत आमचा निळा ब्लोअर दिसायला लागला. इथंच आमच्याकडून एक चूक झाली, ती लपवणार नाही. नोझलच्या चकत्या (ज्यांच्या भोकातून फवारा निघतो) सिरॅमिकच्या टाकायच्या ठरल्या होत्या, भागीदारानं हिशेब मांडून पितळी टाकायला लावल्या. एका मशीनला बारा नोझल, म्हणजे वाचलेले पैसे नजरेत भरण्यासारखे. मी मान डोलावली. गंधक, मॅन्कोझेब, तांब्याची औषधं ही सगळी बुरशीवरची, पाण्यात मिसळलेली भुकटी. दाबाखाली ती पितळेवरून पॉलिश पेपरसारखी फिरते. एका हंगामात भोक रुंदावतं, थेंब मोठा होतो, पानावर टिकत नाही, ओघळतो. बाहेरून मात्र फवारा आधीपेक्षा जोरदार दिसतो आणि शेतकरी खूश होतो.

मग नोव्हेंबर २००९ आला. फयान वादळ ११ तारखेला कोकण किनाऱ्याला लागलं आणि पाऊस इकडं नाशिकच्या बागांवर कोसळला. ऑक्टोबर छाटणीच्या बागा नेमक्या फुलोऱ्याच्या आसपास होत्या. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, सांगायला नको. घड कुजत होते, आणि चिखलात ट्रॅक्टर आत जात नव्हता. वाफसा आला तसे सगळे एकदम घुसले, वरच्या गिअरमध्ये, घाईघाईनं. फवारणी झाली, डाऊनी थांबली नाही. बोट कुणाकडं? औषधाची कंपनी मोठी, पाऊस देवाचा. उरला निळा ब्लोअर.

उगावकडचे एक नाना आमचे दुसरे की तिसरे गिऱ्हाईक. मशीनला हात लावण्याआधी चहा नको म्हणणारा हा एकच माणूस मला भेटला. त्यांनी फोन करून शिव्या दिल्या नाहीत. बागेत बोलावलं, वेलीच्या आतलं एक पान तोडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. वरून मॅन्कोझेबचा पिवळट थर, अगदी भरघोस. मग त्यांनी ते पान उलटं केलं. खालून कोरडं, हिरवंगार आणि मधे पांढरी बुरशी.

"बुरशी कुठून शिरते?" नानांनी विचारलं.

"खालून."

"मग तुझं मशीन वरून कुणाला अंघोळ घालतंय?"

मी लाल झालो. बादली मागवली, ब्लोअर जागेवर चालू केला आणि एकेका नोझलखाली मिनिटभर मापाचा मग धरला. सव्वा लिटरला जरा कमी पडायला हवं, तिथं एकाला दीड लिटर, एकाला पावणेदोन. पितळी चकत्या झिजून गेल्या होत्या. परत येऊन भागीदाराला म्हणालो, सगळ्यांना सिरॅमिक फुकट बसवून देऊ. तो म्हणाला, "म्हणजे चूक आपली असं लिहूनच देतोस का?" त्या रात्री आम्ही शेडमध्ये जेवलो नाही.

त्यातून २०१० चा उन्हाळा. ज्यांची थोडीफार द्राक्षं वाचून युरोपला गेली, त्यांच्या मालात क्लोरमेक्वाटचा अंश सापडला. वेलीची वाढ रोखायला वापरतात ते, आपल्याकडं सीसीसी म्हणतात. कंटेनर अडकले, शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि त्यांच्यामागं आमची उधारी. ब्लोअरचं एकही बुकिंग नाही. फाउंड्रीवाला दारात, बँकेचा माणूस फोनवर. जूनमध्ये एका सोमवारी शेड उघडली तर भागीदार नव्हता. गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही नव्हती. आणि फळीवरचा सागवानी पॅटर्न नव्हता.

वहीचं सोडा. पॅटर्नच्या जागी धुळीत त्याचा गोल आकार तेवढा उरला होता, तो मी कितीतरी दिवस पुसला नाही. चार महिन्यांत त्याचा ब्लोअर बाजारात आला, हिरव्या रंगाचा. त्याच्याकडं चाचणी अहवाल होता, त्यामुळं अनुदानाच्या यादीत त्याचं मशीन, आमचं नाही. अहवालासाठी पैसे भरायचे तर माझ्याकडं पगाराला नव्हते. नातेवाईक म्हणाले, जाऊ दे, घरचाच आहे. घरचा होता म्हणूनच तर किल्ली त्याच्याकडं होती. (कुणी भागीदारीत उतरत असाल तर सांगतो: पॅटर्न, ड्रॉइंग, डाय कुणाच्या मालकीचे ते करारपत्रात वेगळं लिहून घ्या. आमच्या करारात फक्त नफा-तोटा होता. तोटा माझ्या वाट्याला आला.)

पोळ्याच्या आसपास नाना आले, ट्रॅक्टरला ट्रॉली लावून. ट्रॉलीत गावातले अकरा पंप आणि दोन ब्लोअरचे सांगाडे. म्हणाले, "नवं घ्यायला पैसे कुणाकडं नाहीत. जुनं नीट करायला हजार-दोन हजार निघतील. कर." त्यांची स्वतःची थकबाकी होती, ती त्यांनी दिली नाही आणि मी मागितली नाही. ते अकरा पंप पंधरा दिवसांत गेले, मग दुसरी ट्रॉली आली. प्रत्येक ब्लोअरला सिरॅमिक चकती आणि सोबत एक मापाचा मग, तो मी आजही फुकट देतो.

हा मापाचा मग कसा वापरायचा तेही सांगतो, वाचून कंटाळलात तरी. नऊ फुटी बागेत एकराला ४८४० फूट ओळ भरते, म्हणजे १४७५ मीटर. ताशी ४ किलोमीटरनं ट्रॅक्टर चालला तर वळणं सोडून २२ मिनिटं. बारा नोझल, प्रत्येकी मिनिटाला १.२ लिटर, म्हणजे १४.४. एकराला सव्वातीनशे लिटरच्या आत काम होतं. नोझल १५ टक्के जास्त सोडत असेल तर एकरी पन्नासएक लिटर औषधपाणी जमिनीला पाजताय. दहा टक्क्यांच्या वर गेलं की चकती बदला, माझ्याकडून घ्या किंवा कुणाकडूनही. पीटीओ, म्हणजे पंखा फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवा, डिझेल वाचवायला कमी करू नका. पंख्याचा वारा पडला की पान उलटत नाही. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) घरी करत असाल तर चुना गाळूनच घ्या. पाजळलेला विळा मिश्रणात बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

नवा पॅटर्न २०११ ला केला. पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. २०१४ च्या गारपिटीत मशीनचा काही उपयोग नव्हता, गारांपुढं नोझल काय करणार. २०१९ ला दिवाळीनंतरही पाऊस थांबेना, तेव्हा मात्र निळे ब्लोअर टिकले. हे मी म्हणत नाही, उगावला जाऊन विचारा. नाना आता बागेत जात नाहीत, पण हंगामाआधी त्यांचा नातू मशीन आणतो तेव्हा ते पुढच्या सीटवर बसून येतात आणि मगातलं पाणी स्वतः मोजतात.

हिरवे ब्लोअरही आमच्याकडं दुरुस्तीला येतात, आता बरेच. पंखा थरथरतो ही त्यांची नेहमीची तक्रार. झाकण उघडलं की बॉस दिसतो. कीवेजवळ, म्हणजे शाफ्टच्या चावीच्या खाचेजवळ, एक बारीकसा खड्डा आहे, माझ्या पटाशीचा हात सुटला होता तिथला. मी पंखा पट्ट्यांवर ठेवतो, जड पातं खाली येतं, कानस घेतो. बॅलन्सिंगचे पैसे पूर्ण लावतो, त्यात सवलत नाही.