रोप, लोखंड आणि डफल बॅग : माझा अनुभव

डफल, म्हणजे सामानाची मोठी लांबट बॅग, घ्यायला गेलं की तोंडातून पहिला प्रश्न निघतो तो "वॉटरप्रूफ आहे का?" हाच. क्लाइंबिंगचं सामान वाहणारी बॅग मात्र पावसाने क्वचितच जाते. ती आतल्या लोखंडाने फाटते, नाहीतर हँडलच्या शिलाईत उसवते. (लोखंड म्हणायची सवय, त्यातलं बरंचसं ॲल्युमिनियम असतं.) म्हणून मी आधी वजन मोजलं, मग पट्टे, तळ, चेन बघितली आणि पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी केला.

सहा जणांच्या सुळका चढाईचं सामान काट्यावर ठेवलं. ६० मीटरचे दोन डायनॅमिक रोप (पडल्यावर ताणून झटका शोषणारे दोर) ७.६ किलो, ५० मीटरचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) ३.५ किलो. १२ क्विकड्रॉ (पट्टीने जोडलेल्या दोन कड्या) सव्वा किलोच्या आत, २० स्क्रूगेट कॅरॅबिनर (आट्यांनी बंद होणाऱ्या कड्या) १.६ किलो, सहा हार्नेस (कमरेचे पट्टे) २.७, सहा हेल्मेट २.१. जुमारची (रोपवरून वर चढायच्या पकडींची) जोडी, डिसेंडर (रोपवरून उतरायचं साधन), स्लिंग (पट्ट्यांचे फास), हातोडा आणि कातळात ठोकायच्या मेखा मिळून साडेतीन. एकूण साधारण २२ किलो. आकारमानासाठी सोपी युक्ती आहे. सामान पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचं, लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि १,००० ने भागायचं. येतात ते लिटर. माझी दोन खोकी भरली, ५०×४०×३० म्हणजे ६० लिटर आणि ५०×३५×३० म्हणजे साडेबावन्न. जागा खातात ती हेल्मेट. ती एकमेकांत बसत नाहीत, म्हणून प्रत्येकात एक हार्नेस गुंडाळून ठेवायचा.

मग १२० लिटरची एकच का नको? कारण एवढ्या बॅगेत जागा उरली की कुणीतरी स्टोव्ह, तांदूळ आणि पाण्याच्या बाटल्या कोंबतोच. घाटघरहून जीवधन किल्ल्याजवळच्या वानरलिंगी सुळक्याच्या पायथ्यापर्यंत ते धूड एकाच पाठीवर येतं. ६० लिटरच्या दोन घेतल्या की एकीत दोन्ही डायनॅमिक रोप आणि हार्नेस भरलेली हेल्मेट, दुसरीत बाकीचं, असं साधारण साडेबारा आणि दहा किलोत वाटप होतं. देशांतर्गत विमानात बऱ्याच ठिकाणी १५ किलोपर्यंतच चेक-इन सामान फुकट असतं, तिथेही दोघांच्या नावावर दोन बॅगा सहज जातात.

पट्ट्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. हँडलचा पट्टा बॅगेच्या पोटाखालून पूर्ण फिरून दुसऱ्या बाजूला निघायला हवा. तो फक्त वरच्या कापडावर शिवलेला असेल तर सगळा भार चार-सहा इंच शिलाईवर येतो आणि टाके कापड कापत जातात. जोडावर आडवी दाट शिलाई, म्हणजे बारटॅक, आहे का ते बॅग उलटी करून आतून बघावं. दुकानदाराला विचारून बॅगेत २० किलो भरा, एकाच हँडलने उचला आणि सुईची भोकं लांबट होतात का ते पाहा. झाली तर बॅग परत ठेवा. खांद्याचे पट्टे काढता येणारे असतील तर त्यांचे हुक धातूचे हवेत. एसटीच्या डिकीतून बॅग ओढताना प्लास्टिकचं बक्कल तडकतं.

कापडावर ६००, १००० असे आकडे असतात. ते डेनियर, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. नुसता आकडा पुरेसा नाही. तेवढ्याच डेनियरचं नायलॉन घासण्याला पॉलिएस्टरपेक्षा जास्त टिकतं. उन्हाला पॉलिएस्टर बरं, आणि ते ताणलंही कमी जातं. तळ दुहेरी असावा, कारण कातळावर घासला जातो तो तळच. खरी मेख अस्तराच्या लेपात आहे. स्वस्त बॅगेतला पीयू (पॉलियुरेथेन) लेप दमट हवेत विघटित होतो. मुंबई-कोकणात कपाटात चार पावसाळे काढले की तो चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे रोपला लागतात. टीपीयू (पॉलियुरेथेनचाच जास्त टिकाऊ प्रकार) किंवा पीव्हीसी लेप घ्यावा. हिमालयात जाणार असाल तर टीपीयूच, कारण थंडीत पीव्हीसी ताठरतं आणि घडीवर तडकतं.

चेन दहा नंबरची (नंबर मोठा तशी चेन जाड), गुंडाळीच्या दात्यांची, म्हणजे कॉइल घेतली. सुट्या प्लास्टिक दात्यांच्या चेनमधला एक दाता तुटला की चेन गेली. कॉइल उघडली तर स्लायडर मागे नेऊन पुन्हा बसवता येते. स्लायडरच्या मागे चेन सुटायला लागली तर दोष बहुधा दात्यांचा नसतो, स्लायडर झिजून सैल झालेला असतो. पकडीने दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबाव्यात. जोर लावला तर तो चिरतो. लाल माती भरली की जुना टूथब्रश आणि पाणी, वाळल्यावर मेणबत्ती फिरवायची.

लेप कितीही चांगला असो, पाणी चेन आणि शिलाईतून आत शिरतं, म्हणून पावसाळ्यात रोप वेगळ्या ड्राय बॅगेत (तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत) ठेवतो. उलट बाजूही आहे. ओला रोप अशा बॅगेत दोन दिवस राहिला की त्याला कुबट वास लागतो. घरी आल्याबरोबर तो सावलीत पसरावा.

भरताना मेखा आणि हातोडा जुन्या जीन्सच्या कापलेल्या पायात गुंडाळून मधोमध ठेवतो. कडेला ठेवल्या तर टोकं आतूनच कापड भोसकतात. हेल्मेट वर, आणि बॅगेवर कुणी बसायचं नाही.

एका बाबतीत मी हट्टी आहे. भाड्याच्या जीपची डिकी बॅग टाकण्याआधी तपासतो. तिथे गाडीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी ठेवलेली असेल तर बॅग सीटवर घेतो, पाय अवघडले तरी चालतील. बॅटरीतलं सल्फ्युरिक ॲसिड नायलॉनच्या रोपला आतून कमकुवत करतं आणि वरून डाग दिसेलच असं नाही. जाड प्लास्टिकचा कागद बॅगेखाली नेहमी अंथरतो. शंका आलेला रोप चढाईतून काढून टाकतो, कपडे वाळत घालायला वापरतो.