मेलचा फॉरमॅट

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि याआधी विचारून गेलेल्या सगळ्यांसाठीही: पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, लॅबना पाठवायच्या मेलचा फॉरमॅट माझ्याकडे नाही. म्हणजे होता. तोच मी ४१ लॅबना पाठवला. उत्तरं आली तीन, त्यातली दोन 'सध्या ग्रँट नाही' अशी.

तिसऱ्याचं सांगते.

झूमवर तासभर मुलाखत. त्या लॅबच्या बाईंनी माझी वेस्टर्न ब्लॉटची (नमुन्यातलं प्रथिन ओळखायची चाचणी) स्लाइड थांबवून लोडिंग कंट्रोलबद्दल, म्हणजे सगळे नमुने सारखेच घेतलेत का हे दाखवणाऱ्या पट्टीबद्दल, विचारलं, मी उत्तर दिलं, त्या हसल्या. रुजू कधी होता येईल हेही विचारून झालं. आठवड्याने दुसरा कॉल, जेमतेम नऊ मिनिटांचा. "तुमच्या गाइडनी लिहिलंय, तुम्ही फार मेहनती आहात, वेळेवर येता, सगळ्यांशी जमवून घेता."

मी चक्क थँक्यू म्हणाले. मला वाटलं, कौतुक चाललंय.

त्या जरा थांबल्या. "प्रोजेक्टची कल्पना कोणाची होती?"

माझी. निदान थीसिसच्या तिसऱ्या प्रकरणातली तरी पूर्ण माझी. पण पत्रात त्याचा उल्लेख नव्हता, आणि आता मी सांगायचं म्हणजे आपणच आपली साक्ष काढायची. शिफारसपत्रात नुसतं 'मेहनती' लिहिलं की वाचणारा काय समजतो, हे मला त्या नऊ मिनिटांत कळलं. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

गाइडना मी कित्येक महिने दोष दिला. आजही देते, थोडा. पण मी तरी काय विचारलं होतं? "सर, पत्र द्याल का?" एवढंच. 'चांगलं पत्र देऊ शकाल का' असं विचारायची छाती झाली नाही. नाही म्हणाले असते तर? कामाचे चार मुद्दे लिहून देणंही मला लाचारी वाटायची. काम स्वतः बोलतं, असं म्हणायचे मी तेव्हा. सर विसरले असतील, असंही मनाला समजावून पाहिलं. पाच वर्षं एका लॅबमध्ये काढून?

'आधी फेलोशिप मिळवू, लॅब मग बघू' म्हणणाऱ्यांचंही थोडक्यात सांगते. मारी क्युरी या युरोपियन युनियनच्या पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतरची ८ वर्षांची मर्यादा आहे, आणि ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. हे सगळे नियम बसले तरी अर्ज करायचा तो घेणाऱ्या संस्थेबरोबरच. म्हणजे फिरून लॅबच शोधायची.

माझी लॅब शेवटी एका परिषदेत, माझ्या कामाच्या पोस्टरपुढे मिळाली. एकाने विचारलं, हे प्रथिन काढून टाकण्याऐवजी वाढवून पाहिलंत का? पाहिलं नव्हतं. खोलीवर जाऊन त्याच रात्री तो प्रयोग कसा करता येईल ते दोन परिच्छेदांत लिहून त्याला पाठवलं. सीव्ही जोडायचाही राहिला. तो बेचाळिसावा मेल. मागताय तर देते, पण तुमच्या काय कामाचा?

या वेळी पत्रं मी दुसऱ्या तिघांची दिली. त्यावर नव्या बॉसनी पहिलाच प्रश्न टाकला, "गाइडचं पत्र का नाही?" मी काहीतरी उत्तर दिलं. ते खरं होतं, पण पूर्ण नव्हतं.