गाडीतली बालगीतं आणि आमचं वाचलेलं डोकं

चिंचवडहून निघायचं, चिऊला डे-केअरला सोडायचं आणि पुढं हिंजवडीला ऑफिस, हा आमचा रोजचा प्रवास, आणि भूमकर चौकात अडकलो की किती वेळ जाईल ते कुणीच सांगू शकत नाही. चिऊ तीन वर्षांची. मागच्या सीटवर बसली की तिला एकच इंग्लिश गाणं लागायचं, त्यात फॅमिलीतल्या एकेका मेंबरचं नाव घेऊन तेच ते परत, आवाज असा की गाणाऱ्यानं आधी फुग्यातला गॅस ओढलाय. बंद केलं की रडारड, चालू ठेवलं की माझं डोकं भणभण. एकदा मीटिंगमध्ये मी तीच चाल गुणगुणत होतो म्हणे. टीम लीडनं सांगितलं, मला स्वतःला पत्ता नाही.

तेव्हा ठरवलं, असं काहीतरी शोधायचं जे तिलाही चालेल आणि मलाही सहन होईल. "सहन होईल" हाच शब्द होता तेव्हा, आवडेल वगैरे अपेक्षा नव्हती.

पहिला प्रयत्न साफ फसला. मी आपला शहाणपणा करून किशोरी आमोणकर लावल्या, म्हणलं लहानपणापासून कान तयार झालेला बरा. चिऊनं मिनिटभर ऐकलं आणि विचारलं, "बाबा, या आजीला काय झालं?" बायको इतकी हसली की विचारू नका. मग ॲपवर "मराठी बालगीते" सर्च केलं तर जुनीच गाणी पण कीबोर्डवर ठोकलेली, सगळ्यांना एकच बीट, आणि मोठ्या बायका लहान मुलाचा आवाज काढून गातायत. हे त्या इंग्लिश गाण्यापेक्षा वाईट निघालं.

मार्ग दाखवला आईनं. ती सांगलीहून पंधरा दिवस राहायला आली होती, येताना माळ्यावरची कॅसेट घेऊन आली. कॅसेट प्लेअर कुणाकडं आहे आता! खालच्या मजल्यावरच्या काकांकडं निघाला, पण पहिल्याच फेरीत टेप अडकली आणि पेन्सिल घालून गुंडाळायचा कार्यक्रम झाला, चिऊला गाण्यापेक्षा त्यातच जास्त मजा आली. पण कव्हर वाचून मी नावं टिपली आणि मग ओरिजिनल रेकॉर्डिंगच शोधायची असं ठरलं. माझ्या मते अर्धं यश तिथंच आहे. तेच गाणं असतं, फक्त मूळचं लावायचं.

"नाच रे मोरा" लावलं. हे मला पाठच होतं, पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये ऐकून पाठ, नीट असं कधी ऐकलंच नव्हतं. १९५३ च्या 'देवबाप्पा' सिनेमातलं गाणं, शब्द गदिमांचे, आवाज आशाबाईंचा, आणि चाल पुलंची! म्हणजे पुलं संगीतकार होते हे ऐकून माहिती होतं, पण या गाण्याशी मी कधी जोडलंच नव्हतं. त्यात आशाबाई कुठंही लहान मूल असल्याचं नाटक करत नाहीत, सरळ स्वतःच्या आवाजात गातात, फक्त गाताना हसतायत असं वाटतं. चिऊ गप्प झाली. मीपण झालो. मागून कुणीतरी हॉर्न मारला तेव्हा कळलं सिग्नल सुटला.

मग "सांग सांग भोलानाथ". पाडगावकरांचे शब्द, मीना खडीकरांची चाल, आणि गाणारी खरीच मुलं, मीनाताईंची स्वतःची योगेश आणि रचना, सोबत शमा खळे. खऱ्या पोरांचा आवाज आणि काढलेला पोरांचा आवाज यातला फरक मुलांना लगेच कळतो, आपल्याला उशिरा. आणि यात उपदेश शून्य आहे बघा. पोराला पाऊस पडून शाळेला सुट्टी हवीय, बास. मी ते जुलैत ऐकत होतो, हिंजवडीत रस्त्यावर तळं साचलं होतं आणि ऑफिसच्या ग्रुपवर सगळे एकच विचारत होते, आज वर्क फ्रॉम होम मिळेल का. म्हणजे मोठे झालो तरी भोलानाथला प्रश्न तोच.

आईचं स्वतःचं खातं वेगळं. तिला रेकॉर्डिंगबिकॉर्डिंग काही लागत नाही, अडगुलं मडगुलं आणि ये रे ये रे पावसा यावर तिचं चालतं. चिऊनं मात्र तिला अडकवलं, "आजी, पैसा खोटा म्हणजे काय?" आई म्हणाली, न चालणारं नाणं. आता या पोरीनं आयुष्यात फक्त क्यूआर कोड बघितलेत. ती म्हणाली, "म्हणजे पेमेंट फेल?" आईनं माझ्याकडं बघितलं, मी काचेतून बाहेर.

नवीन काही नाहीच असं नाही. संदीप खरे आणि सलील कुलकर्णींचं "अग्गोबाई ढग्गोबाई" आमच्याकडं सुपरहिट. त्याच जोरावर मी उत्साहात त्यांचंच "दमलेल्या बाबाची कहाणी" लावलं आणि ती माझी चूक. ऑफिसला उशीर, रात्री उशिरा घरी, पोर झोपलेली, हे सगळं माझंच होतं, डोळे भरले, गाडी बाजूला घ्यावी लागली. चिऊ मागून म्हणते, "बोअर आहे, ढग्गोबाई लाव." तिचं बरोबर होतं. मुलांबद्दलचं गाणं आणि मुलांचं गाणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, ते गाणं आता मी एकटा असताना ऐकतो.

हिंदीतलं एकच टिकलं, दूरदर्शनवरच्या 'जंगल बुक'चं टायटल साँग. गुलजार आणि विशाल भारद्वाज, मी लहानपणी टीव्हीपुढं बसून ऐकलेलं. चिऊला त्यातला "चड्डी" शब्द आला की हसू आवरत नाही, आणि खरं सांगू का, मलापण.

रात्रीसाठी "निंबोणीच्या झाडामागे", सुमन कल्याणपूर. याचा एक साइड इफेक्ट आहे, चिऊच्या आधी मी झोपतो.

रिपीटचा त्रास मात्र गेला नाही हां. तीन वर्षांचं मूल आहे, "नाच रे मोरा" चौदा वेळा म्हणजे चौदा वेळा. पण आता मी मधल्या म्युझिकचे तुकडे ऐकत बसतो, दर वेळी नवीन काहीतरी सापडतं, त्यामुळं कटकट वाटत नाही.

परवा बायको गाडी घेऊन गेली होती, चिऊ आजारी म्हणून घरी माझ्याजवळ. संध्याकाळी मी गाडी चालू केली तर ब्लूटूथला तिचा फोन जोडलेला आणि अर्धवट राहिलेलं "अग्गोबाई ढग्गोबाई" तिथूनच पुढं सुरू झालं. विचारलं तर म्हणाली, चुकून लागलं असेल.