डबा एक, रंग तीन

टेबलाची चौकट जुन्या सागवानी दाराची, पाय पाइनचे आणि वर ओकचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं प्लाय. हाताशी होतं त्यातून जमवलेला संसार. वॉलनट स्टेनचा, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या अक्रोडी रंगाचा, एक हात दिला की सगळी मंडळी एकाच घरातली दिसतील, असं मी धरून चालले होते.

ओकवर रंग छान बसला. उघड्या रंध्रांत उतरून बारीक काळसर रेघा उमटल्या. साग मुळात तेलकट अंगाचा. त्याच्यावरचा रंग दुसऱ्या दिवशीही बोटाला लागत होता. आणि पाइन! त्याच्या फळीत फिकी पट्टी आणि गडद रेघ आळीपाळीने येते. फिकी पट्टी हंगामाच्या सुरुवातीला भराभर वाढलेली, म्हणून मऊ; ती रंग घटाघटा पिते. गडद रेघ टणक, ती जेमतेम ओठ ओले करते. त्यामुळे फिकं होतं ते काळवंडलं आणि गडद होतं ते उजळ राहिलं. फोटोची निगेटिव्ह उभी केल्यासारखे चार पाय. मध्येमध्ये डाग पडले ते वेगळेच. टोकं तर काळी ठिक्कर, कारण करवत आडवी चालते तिथे लाकडाच्या नळ्या तोंड उघडून बसलेल्या असतात.

डब्यावर छापलेला तो सुंदर चौकोन कुठल्या लाकडावरचा, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग सगळं घासून काढलं. व्हिनिअर जपून, ते मिलिमीटरभरही जाड नसतं. कडेला खालचं प्लाय डोकावायला वेळ लागत नाही. या वेळी आधी उरलेल्या तुकड्यांवर करून पाहिलं, मागे पेन्सिलीने लिहीत. पाइनला रंगाआधी लाखेचं अगदी पातळ पॉलिश पाजलं, म्हणजे त्याची भूक अर्धी भागते. टोकं ३२० नंबरच्या बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केली, म्हणजे ती रंग कमी पितात; बाकी अंग १८० वरच सोडलं. साग थिनरने पुसला आणि तेल पुन्हा वर यायच्या आत रंगवला. ओकचा रंग फक्त जरा लवकर पुसून घेतला. वाळलेला स्टेन मळकटच दिसतो. तुकड्यांवर पॉलिशचा शेवटचा हात दिला, तेव्हा कुठे खरा रंग कळला.

आता तिघं लांबून सख्खी भावंडं वाटतात, जवळून चुलत. फक्त एक जोड पुन्हा चिकटवताना पायाला माझा ग्लूने माखलेला अंगठा लागला होता. तिथे रंग शिरलाच नाही. अंगठ्याच्या रेषासुद्धा दिसतात. तो पाय भिंतीकडे केलाय.