सह्याद्रीला धावदोरा

कोल्हापूरच्या माणसाला घाट आधी उतरायचा असतो आणि मग चढायचा असतो, ही साधी गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर, तीही भर घाटात मागचा ब्रेक गेल्यावर कळली. वास्तविक ती नकाशात स्पष्ट दिसते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. शहरातून पश्चिमेला निघाले की रस्ता आधी उसातून, मग भातातून आणि शेवटी जंगलातून, अंगाला फारसे जाणवणार नाही अशा बेताने वर जात राहतो आणि कड्याशी पोचला की एकदम कोकणात कोसळतो. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचा माणूस घाट चढून आपल्याकडे येतो, आणि आपण मात्र चहा पिऊन, फोटो काढून, गाफीलपणे उताराला लागतो.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी आणि माझा आतेभाऊ दोन मोटारसायकलींवर चार दिवसांसाठी निघालो. योजना त्याची होती. एका घाटाने कोकणात उतरायचे, शेजारच्या घाटाने देशावर चढायचे, पुन्हा पुढच्या घाटाने उतरायचे, असे करत उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकायचे. आंबा घाटाने खाली, अणुस्कुऱ्याने वर. करूळने खाली, फोंड्याने वर. आंबोलीने खाली, तिलारीने वर. त्याने नकाशावर पेनने रेघ ओढून दाखवली तेव्हा आईने चष्म्यातून ती पाहिली आणि "हा तर धावदोरा घातलायस की रे," एवढेच म्हणाली. गोधडी शिवणाऱ्या बाईला जे एका नजरेत दिसले त्याला आम्ही आठवडाभर 'रूट प्लॅन' म्हणत होतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीमामांकडे नेली. माझी गाडी दीडशे सीसीची, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असलेली, नऊ वर्षे वापरलेली. मामांनी चेन ताणून बघितली, तेल बदलले, क्लचची एक जादा वायर सीटखाली बांधून दिली आणि हात पुसत विचारले, "उतरताना काय करतोस?" मी म्हटले, "ब्रेक मारतो." त्यावर ते म्हणाले, "चढायला गाडी लागती, उतरायला डोस्कं लागतंय. ज्या गियरात चढशील त्याच गियरात उतरायचं. न्यूट्रल काढायचं न्हाई." मी मान डोलावली. कॉलेजात असल्यापासून मी प्रत्येक उताराला पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडत आलो होतो, हे त्यांना सांगितले नाही.

पहिला दिवस आम्ही फार लांब ठेवला होता, ही आमची पहिली चूक. मलकापूरपर्यंतचा रस्ता ओळखीचा असला तरी त्या दिवसांत तो ओळखीचा राहत नाही. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो आणि एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, गाणी लावून चाललेली उसाची वाहतूक सकाळी सहालाच रस्त्यावर आलेली असते. घाटात जीव जाईल अशी भीती घरच्यांना वाटत होती. मला विचाराल तर सगळ्या प्रवासात जिवाला खरा धोका या सपाट रस्त्यावरच्या ट्रॉल्यांचा होता. आंबा गावाच्या पुढे मात्र ऊस संपला, दाट झाडी आली आणि घाटाच्या तोंडाशी समोर नुसते धुके दिसले. हा कोल्हापूर-रत्नागिरी राष्ट्रीय महामार्ग असल्याने ट्रक आणि एसटी यांची ये-जा सतत असते. वळणावर मोठी गाडी आधी बाहेरच्या अंगाला जाते आणि मग तिचे मागचे धूड आतल्या बाजूला सरकत येते, त्यामुळे आतल्या कडेने पुढे घुसणारा दुचाकीस्वार तिच्या आणि डोंगराच्या मध्ये सापडतो. साखरप्याला उतरेपर्यंत आम्ही एका चिरे वाहून परतणाऱ्या रिकाम्या ट्रकच्या मागे मुकाट्याने राहिलो. आतेभावाला ते कमीपणाचे वाटले. मला नाही.

पाली, लांजा आणि ओणी हा महामार्गाचा टप्पा सांगण्यासारखा नाही. ऊन होते, धूळ होती. ओणीहून पाचलकडे वळलो आणि चार वाजून गेल्यावर अणुस्कुऱ्याच्या पायथ्याला लागलो. राजापूर बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून देशावर नेण्याची ही जुनी वाट. दगडी फरसबंदीचे तिचे अवशेष अजून आहेत. डांबरी रस्ता तिला वळसे घालत वर जातो. चढाला मला काहीच शिकावे लागले नाही. गाडी दुसऱ्या गियरात घुमत राहिली, वेग आपोआप वीस-पंचवीसच्या वर जात नव्हता, आणि प्रत्येक वळणावर मागे पाहिले की अर्जुना नदीचे खोरे आणखी थोडे खाली गेलेले दिसायचे. चढाची ही एक सोय आहे : चुकलात तर गाडी थांबते. उतारावर चुकलात तर थांबत नाही.

बाजारभोगावमार्गे कळ्याला येऊन गगनबावड्याला मुक्कामी पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. एका दिवसात अडीचशे किलोमीटर हा आकडा महामार्गावर किरकोळ असेल, पण घाट आणि आडवाटांवर तो मनगटात उतरतो. ताट समोर आले तेव्हा भाकरी मोडायलाही बोटे वळत नव्हती.

गगनबावड्याहून दोन घाट फुटतात, एक भुईबावडा आणि दुसरा करूळ. करूळ घाट रुंदीकरणाच्या आणि काँक्रीटच्या कामासाठी २०२४ च्या जानेवारीत बंद झाला होता आणि बरेच महिने बंदच होता, त्यामुळे नव्या रूपात तो मी प्रथमच पाहत होतो. सकाळची वेळ, गगनगडावर ढगाची टोपी, समोर स्वच्छ रुंद रस्ता. अशा रस्त्यावर माणूस बिघडतो. पहिल्या दोन वळणांपर्यंत मी मामांचे ऐकले. तिसऱ्या वळणानंतर डाव्या पायाने सवयीने न्यूट्रल कधी काढले ते माझे मलाच कळले नाही. इंजिनाचा आवाज मंदावला, वाऱ्याचा वाढला, आणि फार बरे वाटले. पुढचा ब्रेक उतारावर लावला तर चाक घसरेल या जुन्या समजुतीने मी सगळा भार मागच्या ब्रेकवर टाकत होतो. चार-पाच किलोमीटर गेल्यावर उजव्या पायाखाली काहीतरी बदलल्याचे जाणवले. पॅडल नेहमीपेक्षा खोल जात होते. एका वळणाआधी दाबले तर ते जवळजवळ फूटरेस्टच्या खाली गेले आणि गाडीच्या वेगावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

त्या क्षणी मी जे केले ते शहाणपणाने केले असे म्हणता येणार नाही, घाबरून केले. पुढचा ब्रेक धरला, क्लच दाबून एकामागून एक गियर टाकले, क्लच सोडल्यावर इंजिन ओरडले, गाडीला हिसका बसला, आणि वळण संपता संपता वेग पायी चालण्याइतका झाला. कठड्यालगतच्या मोकळ्या जागेत गाडी उभी केली तेव्हा मागच्या चाकातून जळक्या लायनरचा, नाकात बसणारा करपट वास येत होता आणि ड्रमजवळ नुसता हात नेला तरी चटका बसत होता. आतेभाऊ पाण्याची बाटली उघडून ड्रमवर ओतणार इतक्यात, खालून सरपणाची मोळी घेऊन येणारे एक वृद्ध गृहस्थ थांबले. "पाणी ओतू नको हां," ते म्हणाले, "आपसूक थंड होतला." तापलेल्या ओतीव धातूवर एकदम गार पाणी पडले की त्याला तडा जाऊ शकतो, हे उद्यमनगरातल्या फाउंड्र्यांच्या गावात वाढलेल्या आम्हा दोघांना करूळ घाटात एका मोळीवाल्याने सांगावे लागले. ते मोळी टेकवून आमच्याजवळ बसले, आमच्याकडची चिक्की त्यांनी खाल्ली आणि वीसेक मिनिटांनी उठून गेले. आम्ही आणखी अर्धा तास बसलो.

बसल्या बसल्या सगळा हिशेब डोक्यात लागला. गाडी आणि माणूस मिळून सव्वादोनशे किलोचे वजन कित्येक मीटर खाली येते, तेव्हा त्याची ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. गियरमध्ये असताना ती इंजिन स्वतःला फिरवण्यात खर्च करते. न्यूट्रलमध्ये असताना ती सगळी ब्रेकच्या दोन लायनरांवर येते आणि उष्णता होऊन तिथेच साठते, कारण बंद ड्रमला वारा लागत नाही. लायनर ठरावीक मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड कमी होते, मग आपण आणखी जोरात दाबतो, मग ते आणखी तापतात. पेट्रोल वाचण्याचे म्हणाल, तर इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत गियर तसाच ठेवून रेस पूर्ण सोडली की पेट्रोलचा पुरवठा बहुधा थांबतो, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते ते जळतच राहते. वीस वर्षे मी ज्या काटकसरीचा अभिमान बाळगला ती आतेभावाच्या नव्या गाडीवर उलट खर्चाचीच ठरली असती.

उरलेला घाट दुसऱ्या गियरात उतरलो. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, दोन्ही मिळून लावायचा आणि सोडायचा. वळणात शिरल्यावर हात लावायचा नाही. नजर समोरच्या चाकाजवळ न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेवायची. अरुंद जागी वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा तर वाहतुकीचा नियमच आहे, कारण चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा निघणे अवघड असते. वैभववाडीत पोचलो तेव्हा मागचे पॅडल पुन्हा कडक झाले होते, तरी माझा त्याच्यावरचा विश्वास परतला नव्हता.

दुपारी फोंडा घाट चढून दाजीपूरच्या जंगलात आलो. गव्यांसाठी १९५८ मध्ये राखलेले हे अभयारण्य आज राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाते, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या जागा जागतिक वारशात गेल्या त्यांत ते आहे. गवा पाहायला आत जावे लागले नाही. तिन्हीसांजेला एका वळणापलीकडे तो रस्त्याच्या कडेलाच उभा होता : काळपट तुकतुकीत अंग, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, आणि आमच्या दोन्ही गाड्या मिळून होईल एवढा आकार. आम्ही लांबच थांबलो, इंजिने बंद केली. त्याने आमच्याकडे पाहिले, कान हलवला, करवंदीच्या जाळीतली काही पाने ओढून खाल्ली आणि शेवटी सावकाश खाली उतरून गेला. त्याला जाण्यासाठी जी दहा मिनिटे लागली त्यात मागे चार मोटारी जमल्या होत्या आणि त्यांपैकी एकाने हॉर्न वाजवलाच.

राधानगरीला सकाळी धरण पाहिले. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे म्हणजे आमच्या पावसाळ्याचे घड्याळ. कितवा उघडला यावर पंचगंगेच्या काठची घरे सामान आवरायचे की नाही ते ठरवतात. पाण्याची पातळी चढली की ते आपल्या आपण उघडतात आणि उतरली की मिटतात. आतेभाऊ माझ्या मागच्या चाकाकडे बघून म्हणाला, "बघ, शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला कळत होतं, भार किती झाला की सोडायचं ते." मी उत्तर दिले नाही.

गारगोटी, उत्तूर, आजरा हा पट्टा या दिवसांत सोनेरी असतो. भात कापून रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले होते आणि आजऱ्याच्या जेवणात घनसाळचा भात वाढला तेव्हा आमच्या बोलण्यात प्रथमच गाड्या सोडून दुसरा विषय आला. आंबोलीला पोचलो तर ऊन असूनही रस्ता ओला होता. ज्या गावात पावसाळ्यात सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे दिवाळीनंतरही डोंगर पाझरतच राहतो, आणि सावलीतल्या वळणांवर शेवाळाचा एक हिरवट पट्टा टिकून असतो. वेंगुर्ला बंदराला बेळगावशी जोडण्यासाठी इंग्रजांच्या काळात आखलेला हा रस्ता आहे. उतार एकसारखा आहे, बहुधा बैलगाड्यांना झेपावा म्हणून. मला तोच सर्वांत आवडला. संपूर्ण घाट मी मागच्या ब्रेकला चार-पाच वेळाच पाय लावून उतरलो आणि सावंतवाडीत मोती तलावाकाठी गाडी उभी करून आधी ड्रमजवळ हात नेऊन पाहिला. कोमट होता.

तिलारी चढताना मात्र आतेभावाची परीक्षा झाली. दोडामार्गहून चंदगडकडे जाणारा हा घाट खडा आहे. एका वळणावर त्याने उशिरा गियर बदलला, गाडी बंद पडली आणि मागे सरकू लागली. पाय टेकवून, पुढचा ब्रेक धरून त्याने ती सावरली, पण बॅग ओढ्यात गेली. कपडे ओले झाले, नकाशाचा कागद लगदा झाला. पुढे नेसरीवरून गडहिंग्लज, संकेश्वर आणि महामार्गाने घर. अंतर सुमारे सातशे किलोमीटर, पंक्चर एकही नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी मामांकडे नेली आणि मागचे चाक बघायला सांगितले. कारण सांगितले नाही. त्यांनी ड्रम उघडला, आतली काळी पूड फुंकली आणि एक लायनर बाहेर काढून दाराच्या उजेडात तिरका धरला. खरखरीत असायला हवा तो पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता. मामांनी त्यावरून अंगठा फिरवला, मग माझ्याकडे पाहिले.

"कुठला घाट?"

"करूळ," मी म्हटले.

त्यांनी नव्या लायनरचा डबा काढला, जुने दोन्ही वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले. पैसे फक्त नव्यांचे घेतले.