तिसरी शिफ्ट

आमच्या युनिटमध्ये पाच मशीन आणि दिवसाला तीन शिफ्ट. मी तिथं डायलिसिस टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. लोकांना वाटतं डायलिसिस म्हणजे रक्ताचं काम. आमचा जीव टांगलेला असतो तो पाण्यावर. मशीनमधून मिनिटाला ५०० मिली डायलिसेट, म्हणजे रक्तातली घाण ओढून घेणारं पाणी, वाहतं, म्हणजे चार तासांत एका पेशंटमागं १२० लिटर. ते सगळं आरओचं पाणी, आणि आरओ करताना बरंच पाणी वाया जातं ते वेगळं. सोलापुरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला मी दिवसातून किती वेळा गच्चीवर टाकी बघायला चढतो ते सांगायला नको.

मे महिना होता, पारा ४३ वर. पाईपलाईन फुटलेली, टँकर येतो येतो म्हणत आलेला नाही. दुसरी शिफ्ट संपली तेव्हा हिशेब केला. डॉक्टरांना फोन लावून फ्लो ३०० वर आणायची परवानगी घेतली, तरी पाणी तिघांपुरतंच निघत होतं. बाकावरही तिघंच होते, म्हणून मी निर्धास्त. एक पंढरपूरच्या वारीला न चुकता जाणारे काका, एक अक्कलकोटहून एसटीनं येणाऱ्या ताई, आणि आमच्या बाई.

बाई म्हणजे मिशनच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. वय ७२. माझ्या रविवारच्या शाळेच्या बाईही त्याच. अजूनही युनिटमध्ये शिरल्या की आधी मी "सलाम बाई" म्हणतो, मग वजनकाट्यावर घेतो. त्यांचं आणि काकांचं शेजारी शेजारी मशीन. काका अभंग म्हणतात, बाई नारायण वामन टिळकांची भजनं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं टिळक म्हणत. बाई त्याच पुलावरून उलट काकांच्या कॉटपर्यंत जातात. चार तास सुया टोचून पडल्यावर माणूस दुसरं करणार काय!

बाईंचा हात धुऊन झाला होता. मी फिश्चुलावर, सुया टोचायला हातात जोडून केलेल्या शिरेवर, बोट ठेवलं होतं. आत रक्त मांजरासारखं घुरघुरत होतं. तेवढ्यात दारात गलका झाला.

पूर्व भागातला एक पोरगा, यंत्रमागावर काम करणारा, सव्वीस-सत्तावीसचा. नंबर आमच्याकडंच होता, पण मागच्या दोन पाळ्या चुकवलेल्या. पाय ओढत होता. कॅज्युअल्टीत पोटॅशियम ७.१ निघालेलं, ईसीजीतल्या लाटा भाल्यासारख्या उभ्या. ह्याचा अर्थ आम्हाला कळतो. हृदय कधीही थांबू शकतं. बरोबर त्याची आई, मोडक्या मराठीत मध्येच तेलुगूत शिरत विनवणी करणारी.

आणि मी तिच्यावर ओरडलो. "दोन वेळा कुठं होता हा? आता पाणी संपल्यावर आठवण झाली का?" सगळ्या युनिटसमोर. ती गप्प झाली. साडीचा पदर बोटाला गुंडाळत राहिली. पैशाअभावी चुकवल्या होत्या हे मला नंतर कळलं, पण ते कळायला काही फार अक्कल लागत नव्हती.

बाई कॉटवरून म्हणाल्या, "पोटॅशियम काय त्याला विचारून वाढलं का रे?" आणि उठून बसल्या. "त्याला माझ्या मशीनवर घे. माझं सकाळी लाव."

मी खरं तर बाईंवरही चिडलो. त्यांचा दोन दिवसांचा खंड होता, अंगात पाणी साठून वजन सव्वा किलोनं वाढलेलं. पण डॉक्टरांनी येऊन छाती तपासली, पोटॅशियम बघितलं, आणि म्हणाले की रात्रभर वॉर्डात देखरेखीखाली ठेवू, पाणी मोजून, सकाळी पहिलं मशीन ह्यांचं. बाईंनी चप्पल घातली आणि पोराला जागा करून दिली.

रात्री अकराला मी वर वॉर्डात गेलो. बाई तीन उशा लावून बसल्या होत्या. ऑक्सिजन ९४. बोलताना मध्ये दम घेत होत्या.

"बाई, भीती नाही वाटत?"

"वाटते की. न वाटायला मी काय दगड आहे? पण एकटी नाही मी, एवढं कळतं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तू आज फार ओरडलास त्या बाईवर." बस्स, एवढंच. मग डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते.

मी खाली येऊन आरओच्या खोलीबाहेर टँकरची वाट बघत बसलो. बाईंनीच आम्हाला लहानपणी बायबलातल्या निर्गमाचा ३३वा अध्याय शिकवला होता. देव मोशेला, इस्राएल लोकांच्या पुढाऱ्याला, म्हणतो, देशात जा, दूत पाठवतो, दुधामधाचा देश मिळेल, पण मी तुमच्याबरोबर येणार नाही. आणि मोशे अडून बसतो. तू येणार नसशील तर आम्हाला इथून हलवूच नको. तू बरोबर आहेस ह्याशिवाय आमच्यात आणि बाकी लोकांत फरक तो काय? बाई वासराचा भाग कधी गाळायच्या नाहीत. आदल्याच अध्यायात ह्याच लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याच्यापुढं नाच केलेला. म्हणजे देव बरोबर हवा होता तो असल्या लोकांना.

मी इतकी वर्षं फरक दुसरीकडंच शोधत होतो. दारू पीत नाही, रविवार चुकवत नाही, मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कमाईचा दशांश देतो. तसं बघितलं तर त्या रात्री दीड वाजता टँकर घेऊन आले ते चाचा. मुलगी आजारी असताना आले, वर "पैसे सकाळी द्या" म्हणाले. चांगुलपणाचा मक्ता आमच्या मंडळीकडं आहे असं मी कुठल्या तोंडानं सांगू? बाईंकडं होतं ते काही वेगळंच. त्यांना स्वतःला वाचवायची घाई नव्हती, कारण कुणीतरी आधीच जवळ येऊन बसलेलं होतं. देवाची प्रीती तिकडून आधी आलेली. त्या फक्त पुढं सरकवत होत्या, बाकावर सरकून जागा द्यावी तशी.

पाणी तपासून, क्लोरिन बघून, पहाटे पाचला बाईंना लावलं. दोन तासांनी श्वास मोकळा झाला आणि त्यांनी चहा मागितला. अर्धा कप, मोजून.

त्या पोराच्या आईची माफी मी शेवटी मागितली, पण त्याला आठवडा लागला. ती त्या दिवशी बाईंसाठी डबा घेऊन आली होती. शेंगा चटणी, घरी कुटलेली, वर तेल सुटलेलं. डायलिसिसच्या पेशंटला शेंगदाणा म्हणजे पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही. बाईंनी तीन वर्षांत तोंडाला लावलेला नव्हता. मी सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी बीपीचा पट्टा गुंडाळायला लागलो. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडून वास घेतला, "लसूण छान घातलाय गं" म्हणाल्या.

ती गेल्यावर डबा माझ्या हातात दिला. "घरी ने. भाकरीबरोबर खा." मग बोटाचं टोक जिभेला लावत म्हणाल्या, "चिमूटभर घेतली मी. रिपोर्टमध्ये दिसली तर ओरडू नकोस."