गॅस-विजेचा वाढीव मासिक हप्ता दुरुस्त करून घेताना

मार्च २०२४ च्या मध्यास आमच्या गॅस-वीज पुरवठादार कंपनीचे पत्र आले. एप्रिलपासून डायरेक्ट डेबिटने, म्हणजे बँक खात्यातून आपोआप जाणारा आमचा महिन्याचा हप्ता १३० पौंडांवरून १९७ पौंड होणार, एवढेच त्यात लिहिले होते. कारण दिलेले नव्हते. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. त्याच एप्रिलपासून ऑफजेम या ऊर्जा नियामक संस्थेने गॅस-विजेच्या दरांवर घातलेली कमाल मर्यादा, सर्वसाधारण वापराच्या घराच्या बिलाच्या हिशेबाने, वर्षाला १,९२८ पौंडांवरून १,६९० पौंडांवर येणार होती. दर उतरत असताना हप्ता दीडपट कसा होतो, हे मला उमगेना.

आई त्या हिवाळ्यात साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. पत्राचा विषय तिच्या कानावर गेला आणि दुसऱ्या दिवशी मी कामावरून परतलो, तेव्हा घर गार पडलेले होते. ती दोन शाली लपेटून बसली होती आणि तिच्या खोलीतला हीटर बंद होता. "मला चालतंय रे," एवढेच ती म्हणाली. मला फार वाईट वाटले. ती आल्यामुळे खरोखरच वापर वाढला असेल का, ही शंका माझ्याही मनात होती. म्हणून भांडण्याआधी हिशेब तपासायचे ठरवले.

बिले काढून बसलो, तेव्हा कळले की नोव्हेंबरच्या मध्यापासून गॅसचे प्रत्येक रीडिंग अंदाजे धरलेले होते. स्मार्ट मीटर असल्यामुळे रीडिंग आपोआप जाते, या भरवशावर आम्ही होतो. प्रत्यक्षात गॅस मीटरचा संपर्क तुटला होता आणि कंपनीने ते कळवले नव्हते. बाहेरच्या पेटीचे झाकण उघडून, टॉर्चच्या उजेडात बटण दाबून आकडा पाहिला, तर मीटरवर ४,३७१ घनमीटर होते आणि बिलावर ४,८७४. फरक जवळजवळ ५०० घनमीटरचा. एका घनमीटर गॅसचे साधारण ११ युनिट (किलोवॉट-तास) होतात, म्हणजे न वापरलेले सुमारे ५,६०० युनिट आमच्या नावावर चढले होते. त्यांची किंमत हिवाळ्यातील दराने ४०० पौंडांच्या आसपास होत होती.

त्यानंतर हप्त्याचा हिशेब मांडला. गेल्या पूर्ण वर्षात आमची वीज २,६०० युनिट आणि गॅस ९,४०० युनिट लागला होता. एप्रिलच्या सरासरी दरांनी, म्हणजे विजेला २४.५० पेन्स आणि गॅसला ६.०४ पेन्स युनिटप्रमाणे, दोन्हींचे स्टँडिंग चार्ज (वापर नसला तरी लागणारा रोजचा ठरावीक आकार) धरूनही वर्षाचे सुमारे १,५३९ पौंड होत होते, महिन्याला १२८. कंपनीने मात्र फुगलेला गॅस पुढील वर्षासाठीही गृहीत धरला होता आणि शिवाय खात्यावर दिसणारी ४९२ पौंडांची थकबाकी बारा महिन्यांत वसूल करायला घेतली होती.

फोनवरील कर्मचारी सौजन्याने बोलली, पण "रक्कम सिस्टीम ठरवते" यापलीकडे तिच्याकडे उत्तर नव्हते. रागाच्या भरात बँकेत जाऊन डायरेक्ट डेबिटच रद्द करावे, असे एकदा वाटले. ते केले नाही हे बरे झाले, कारण त्यामुळे महागडा दर लागण्याची आणि खरी थकबाकी साचण्याची शक्यता असते. त्याऐवजी "ही औपचारिक तक्रार आहे" असे पहिल्याच ओळीत नमूद करून ईमेल पाठवला, मीटरचा फोटो आणि माझा हिशेब जोडला आणि हप्ता कसा काढला ते लेखी मागितले. कंपनीच्या पुरवठा परवान्याच्या २७ व्या अटीनुसार ठरावीक हप्ता उपलब्ध असलेल्या सर्वांत चांगल्या व ताज्या माहितीवर आधारलेला असावा लागतो आणि त्याचे स्पष्टीकरण ग्राहकाला सोप्या भाषेत द्यावे लागते, हेही लिहिले. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही, तर एनर्जी ऑम्बुड्समन या स्वतंत्र तक्रार निवारण संस्थेकडे विनामूल्य दाद मागता येते. तसे करण्याचा माझा विचार आहे, हे शेवटी कळवले.

पहिले उत्तर ठरावीक साच्याचे आले. एप्रिलचा हप्ता १९७ पौंडांनीच कापला गेला. मी तक्रार क्रमांक देऊन, मीटरचा ताजा फोटो जोडून पुन्हा लिहिले. पाचव्या आठवड्यात तक्रार विभागातून फोन आला. चूक मान्य झाली आणि खऱ्या रीडिंगने बिले नव्याने काढली गेली. थकबाकी ८८ पौंडांवर आली. हिवाळ्यानंतर खाते थोडे उणे असणे साहजिक आहे, कारण बारमाही सारख्या हप्त्यात उन्हाळ्याची शिल्लक थंडीत खर्च होते. म्हणून ती रक्कम मी वादात ओढली नाही. ती धरून हप्ता १३६ पौंड ठरला आणि मला तो रास्त वाटला. एप्रिलमध्ये जादा कापलेले ६१ पौंड मागितल्यावर बँकेत परत आले.

गॅस मीटरचा संपर्क जुलैत सुरू झाला. तोवर दर महिन्याच्या १ तारखेला रीडिंग मीच पाठवत होतो, फोटोसह.